फळीवरचे रणांगण

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घराघरांपुढे एक काम न सांगता सुरू होते. मुले कुठून तरी माती आणतात, दगड-विटा रचतात, जुनी पोती चिखलात बुडवून त्यांवर पसरतात, आणि दोन दिवसांत अंगणात किल्ला उभा राहतो. अळीव पेरले की चार दिवसांत डोंगरावर गवत येते. बुरूज होतात, दरवाजा होतो, पाण्याचे टाके होते. मग बाजारातून आणलेले मावळे जागोजाग ठेवायचे, गुहेत वाघ बसवायचा आणि माथ्यावर सिंहासनावर महाराज. हा खेळ आपण सर्वांनी खेळलेला आहे.

पण हा किल्ला जवळ बसून कधी नीट पाहिला आहे काय? मावळा दरवाजापेक्षा उंच असतो. त्याला गडात शिरायचे तर रांगत जावे लागेल. गुहेतला वाघ तोफेपेक्षा मोठा, आणि पायथ्याची गाय घराच्या छपराला पाठ घासते आहे! मुलांना त्याचे काही वाटत नाही, वाटूही नये. परंतु एखादा चौकस मुलगा विचारतो, "सर, हा मावळा या दारातून आत जाणार कसा?" त्या प्रश्नापाशी खेळातून एक विद्या सुरू होते.

त्या विद्येविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. लढाईतला एखादा प्रसंग ठरावीक प्रमाणात लहान करून, जमीन, झाडे, माणसे, वाहने यांसह फळीवर उभा करायचा, हा जगभर हजारो लोकांचा छंद आहे. त्याला ते डायोरामा म्हणतात. आपण गणपतीपुढे जे करतो त्याला देखावा म्हणतो. तोच शब्द येथेही चालेल. फरक एवढाच, की या देखाव्यात प्रत्येक वस्तूला "तू येथे का?" असे विचारलेले असते.

डायोरामा हा शब्द मुळात लढाईचा नव्हे. १८२२ साली पॅरिसमध्ये लुई दागेर याने एक प्रेक्षागृह उघडले. तेथे प्रचंड रंगवलेले पडदे असत, आणि त्यांवर पुढून-मागून प्रकाश सोडून सकाळची संध्याकाळ होताना दाखवीत. हाच दागेर पुढे छायाचित्रणाचा एक जनक ठरला. त्याचे प्रेक्षागृह १८३९ साली जळाले. शब्द मात्र उरला आणि पुढे लहान आकाराच्या देखाव्यांना लागू झाला.

लढाईची भूमी लहान करून पाहण्याची गरज मात्र त्याहून जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६६८ पासून, सरहद्दीवरच्या तटबंदी शहरांच्या लाकडी प्रतिकृती करण्यास आरंभ झाला. प्रत्यक्षाच्या सहाशेव्या हिश्शाने केलेल्या त्या प्रतिकृती पॅरिसच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. राजाला आणि सेनापतींना गड न चढता गड कळावा, हा त्यांचा हेतू.

या बाबतीत एका माणसाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वॉटर्लूची लढाई १८१५ साली झाली. पंधरा वर्षांनी विल्यम सिबोर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला त्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. हा गृहस्थ काही महिने त्या रणांगणावरच जाऊन राहिला. त्याने तेथली जमीन मोजली. मग लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे पाठवली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कोठे होती? कशी उभी होती? आणि आणखी एक प्रश्न, जो शेतकऱ्याला लगेच पटेल: तुमच्या समोरच्या शेतात पीक कोणते होते? कारण माणसाच्या छातीपर्यंत आलेल्या पिकात शिपायाला काय दिसते आणि मोकळ्या रानात काय दिसते, यात फार अंतर आहे. शेकडो उत्तरे आली. मध्येच सरकारने पैसे थांबवले, तरी त्याने काम सोडले नाही. १८३८ साली लंडनमध्ये तो देखावा लोकांसमोर मांडला गेला. त्यात कथलाचे सत्तर हजारांवर सैनिक होते.

पण त्याच्या चौकशीतून एक अडचणीची गोष्ट निघाली. ऐन वेळी आलेल्या प्रशियन सैन्याचा विजयातला वाटा इंग्रज सेनापती वेलिंग्टन याच्या सांगण्यापेक्षा मोठा दिसू लागला. वरिष्ठांची नाराजी झाली, आणि अखेर सिबोर्नला हजारो प्रशियन सैनिक फळीवरून उचलावे लागले. पाहा, बोटाच्या पेराएवढे कथलाचे शिपाई. पण ते कोठे ठेवायचे यावरून तंटा झाला! कारण देखावा बोलत असतो. तो देखावा आज लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात आहे.

आता आपण स्वतः एक देखावा करायला बसू. प्रसंग आपल्या देशातला घेऊ, आणि शेतकऱ्याला ओळखीचा वाटेल असा घेऊ.

१९६५ च्या सप्टेंबर महिन्यात पंजाबात खेमकरणच्या परिसरात मोठी लढाई झाली. पाकिस्तानच्या चिलखती दलाने खेमकरण घेतले होते आणि त्यांचे पॅटन रणगाडे पुढे सरकत होते. आपले सैन्य असल उत्तर या गावाजवळ घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे लावून बसले. भोवती उंच ऊस होता. कालव्यांचे पाणी शेतांत सोडण्यात आले. ८ ते १० सप्टेंबर असे तीन दिवस झुंज चालली. पॅटन चिखलात रुतले, उसात आंधळे झाले, आणि दबा धरलेल्या तोफांच्या माऱ्यात सापडले. भारतीय हिशोबाप्रमाणे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेने एकामागून एक रणगाडे टिपले. ते तेथेच धारातीर्थी पडले, आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

या लढाईतला कोणता क्षण घ्यावा? येथे पहिला धडा गणिताचा आहे. बाजारात रणगाड्यांचे जे जोडणीचे संच मिळतात, ते बहुधा प्रत्यक्षाच्या पस्तिसाव्या हिश्शाचे असतात. हा पस्तीस आकडा कोठून आला, याची कथा गमतीची आहे. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत तामिया या जपानी कंपनीने एक जर्मन रणगाडा काढला. त्याच्या पोटात मोटार आणि बॅटरी मावली पाहिजे, म्हणून जो आकार ठरला तो पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला. पुढे तेच जगाचे प्रमाण झाले. आकडा कसाही आलेला असो, एकदा धरला की सोडायचा नाही. फळीवरची प्रत्येक वस्तू पस्तीसने भागायची.

भागून पाहा. माणूस पावणेदोन मीटर उंच धरला तर तो फळीवर पाच सेंटीमीटरचा होतो. पॅटन रणगाडा सुमारे ३ मीटर १० सेंटीमीटर उंच. तो नऊ सेंटीमीटरला थोडा कमी. सप्टेंबरातला ऊस अडीच मीटर धरला तर तो सात सेंटीमीटर. जीप दीड मीटर. ती चार सेंटीमीटरच्या थोडी वर. आता ही चारही मापे कागदावर शेजारी शेजारी उभी करा. काय दिसते? उसाच्या शेंड्यांवर रणगाड्याचा माथा थोडा बाहेर राहतो, आणि जीप उसात बुडून जाते. म्हणजे जीपवाल्याला रणगाडा हेरता येतो आणि रणगाड्यातल्या माणसाला जीप सापडत नाही! इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य मुलांनी दहा वेळा वाचले तरी डोळ्यांपुढे उभे राहात नाही. एक भागाकार केला की उभे राहते. शिक्षकांनी याचा अवश्य विचार करावा.

हेच गणित दुसरीकडे आपल्याला आवरही घालते. जीप आणि रणगाडा यांत दीडशे मीटरचे अंतर असेल तर फळीवर ते सव्वाचार मीटर होईल. एवढी फळी कोणाच्या घरात मावणार? म्हणून पुष्कळ नवशिके एका वीतभर जागेत जीपही ठेवतात आणि पॅटनही. ती लढाई होत नाही; ती आठवडी बाजारातली वाहनांची कोंडी होते. तेव्हा एक काहीतरी निवडा. फक्त उसात दडलेली जीप करा, किंवा फक्त रुतलेला रणगाडा करा. उरलेले पाहणाऱ्याच्या मनात होऊ द्या. जीप करणार असाल तर एक ध्यानात ठेवा. ही तोफ धक्का न देणारी आहे, म्हणजे तिचा अर्धा जाळ मागून निघतो. तेव्हा मागचा ऊस वाकलेला, पाचट भाजलेले आणि धुरळा उडालेला हवा. त्या धुरळ्यामुळेच एक गोळा टाकला की जागा बदलावी लागते. हे ठाऊक असलेला माणूस देखावा पाहून मान डोलावील.

आपण रुतलेला रणगाडा घेऊ. फळी एक फूट चौरस असू द्या. म्हणजे प्रत्यक्षातली साडेदहा मीटर जमीन झाली. आता जमीन करायची. पुठ्ठ्याचे थर चिकटवा, आणि त्यावर शाडू व कागदाचा लगदा मिसळून थापा. नुसता शाडू वाळताना आकसतो आणि तडकतो, आणि फळीवरची एक मिलिमीटरची भेग म्हणजे प्रत्यक्षातली साडेतीन सेंटीमीटरची भेग. पाणी साचलेल्या रानात अशी भेग असेल काय? मातीच्या खड्याचेही तेच. म्हणून वरची माती कुटून मलमलीच्या फडक्यातून चाळून घ्या.

माती कोणती, हाही प्रश्न आहे. मी पहिल्यांदा हा देखावा केला तेव्हा आमच्याच मळ्यातली काळीभोर माती घातली आणि खूश झालो. पंजाबची जमीन नद्यांच्या गाळाची, फिकट, पिवळसर करड्या रंगाची. आपली काळी माती घातलीत तर लढाई खेमकरणला नव्हे, परभणीला झाली असे होईल. कोकणची तांबडी घातलीत तर ती रत्नागिरीला नेऊन ठेवली असे होईल. तेव्हा शाडूच्या फिकट मातीतच किंचित पिवळा आणि तपकिरी रंग मिसळा.

ऊस करण्यासाठी परदेशी साहित्य मुळीच लागत नाही. उसाचे कांडे अडीच-तीन सेंटीमीटर जाडीचे. पस्तीसने भागले की एक मिलिमीटरच्या आत-बाहेर. नारळाच्या खराट्याचा हीर नेमका तेवढा असतो. पानासाठी पातळ कागद आधी दोन्ही बाजूंनी हिरवा रंगवून दीड मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, मधोमध नखाने दुमड घाला आणि टोक निमुळते करा. खालची पाने वाळलेली, पिवळट, वरची हिरवी. सरींतले अंतर अडीच-तीन फूट धरलेत तर फळीवर ते दोन ते अडीच सेंटीमीटर येते. हे मी शहरातल्या माणसाला सांगतो तेव्हा तो वहीत टिपून घेतो. तुम्हाला सांगायची गरज नाही. उलट तुम्हीच मला सांगाल, की सर, पाणी भरलेल्या रानात ऊस असा ताठ उभा राहात नाही, तो कलतो. बरोबर आहे. या छंदात शेतकऱ्याचा डोळा हे फार मोठे भांडवल आहे.

आता रणगाडा. तो सुमारे पंचेचाळीस टनांचा आहे. चिखलावर तो अलगद ठेवलात तर खेळणे दिसेल. जमिनीत त्याच्या पट्ट्यांसाठी आधी खाच करून ठेवा आणि त्याला पोटापर्यंत खाली बसवा. मागे दोन खोल चाकोऱ्या काढा, त्यांत पाणी साचलेले दाखवा. पाण्यासाठी पारदर्शक व्हार्निश पातळ थरांनी भरा. एक थर पुरता वाळल्याखेरीज दुसरा देऊ नका, नाही तर ते दुधाळते. चिरडलेला ऊस रणगाड्याच्या जाण्याच्या दिशेने लोळलेला हवा. एवढे केलेत की तो कोठून आला आणि कोठे थांबला हे न सांगता कळते.

यापुढचा भाग या छंदाचा खरा गाभा. त्याला इंग्रजीतून आलेला वेदरिंग हा शब्द सगळे वापरतात. ऊन, पाऊस, धूळ, वापर यांनी वस्तूवर जे जुनेपण चढते, ते रंगाने दाखवायचे. मला हे एका आबांनी शिकवले. आमच्या गावचे हे निवृत्त हवालदार. पासष्टच्या युद्धात ते पंजाबात लष्करी मालमोटार चालवीत, आणि लढाईनंतर गोळा करून ठेवलेले पॅटन त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मी तेव्हा नुकताच कॉलेजात लागलो होतो. मुंबईहून संच आणून महिनाभर खपून पॅटन जोडला, सुरेख हिरवा रंगवला आणि मोठ्या उत्साहाने आबांना दाखवला. त्यांनी तो चहूबाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "झ्याक हाय, मास्तर. पर ही गाडी आजच शोरूममधनं काढलीया का?"

मी समजलो काय समजायचे ते. पंधरा दिवसांनी पुन्हा नेला. या खेपेस सगळीकडे गंज, सगळीकडे ओरखडे, चिखल माथ्यापर्यंत. आबा हसले. "आता हिला भंगारात घातली व्हय?"

ही दोन वाक्ये म्हणजे वेदरिंगचे अर्धे शास्त्र आहे. एक चूक कोरेपणाची, दुसरी हौसेची. या दोहोंच्या मधली वाट अशी आहे.

मूळ रंग प्रत्यक्षापेक्षा थोडा फिका घ्या. मोठी वस्तू आपण लांबून पाहतो तेव्हा मधली हवा तिचा रंग मंद करते. लहान प्रतिकृती आपण हातभर अंतरावरून पाहतो. तिला तोच गडद रंग दिला तर ती काळवंडलेली दिसते. रंगात किंचित पांढरा मिसळला की हे साधते.

तो वाळला की गडद तपकिरी रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करून कुंचल्याने सोडा. तो आपणहून सांध्यांत, खिळ्यांच्या कडेला, खाचांत जाऊन बसतो. वरचा जादा रंग टिपून घ्या. मग याच्या उलट काम. कुंचल्याला फिका रंग लावून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईतो पुसा आणि वर आलेल्या कडांवरून हलकेच फिरवा. खाचा गडद, कडा उजळ. सपाट वस्तूला एकदम उठाव येतो.

मग ओरखडे. घाई करू नका. आधी विचारा, माणसाचा पाय कोठे पडतो? हात कोठे लागतो? रणगाड्यात उतरण्याच्या झाकणाची कड, चढताना पाय ठेवायचा मडगार्ड, अवजारांच्या पेटीचे झाकण, येथेच रंग उडतो. आपल्या घरातल्या उंबऱ्याकडे पाहा, बैलगाडीच्या जूकडे पाहा. जेथे रोजचा स्पर्श तेथे झीज. स्पंजाचा लहान तुकडा गडद रंगात टेकवून त्याचे ठिपके द्या. पट्ट्यांचा जो भाग जमिनीला घासतो तो चकाकता ठेवा. पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळले तरी पुरते.

गंज सर्वांत शेवटी, आणि सर्वांत कमी. येथे एक प्रश्न विचारावाच लागतो: हा रणगाडा जळला की नुसता रुतला? पाकिस्तानच्या त्या पॅटनांची इंजिने पेट्रोलवर चालणारी होती. पेट घेतला की आत सगळे भाजून निघे. जळालेल्या लोखंडावरचा रंग जातो आणि ते उघडे लोखंड थोड्याच दिवसांत नारिंगी गंजते. परंतु जो नुसता रुतला, ज्याला सोडून आतली माणसे निघून गेली, तो हिरवाच राहतो; फक्त चिखलाने माखतो. म्हणजे गंज हा शोभेचा रंग नव्हे. त्या गाडीचे काय झाले याची ती साक्ष आहे. माझ्या दुसऱ्या खेपेच्या रणगाड्यात मी ही साक्ष खोटी दिली होती. धड तोफ, धड झाकणे, आणि अंगावर वीस वर्षांचा गंज!

चिखलाचेही तीन प्रकार करा. वरचा वाळलेला, फिकट आणि मंद. मधला ओलसर, गडद. खालचा ओला, त्यावर व्हार्निशचा हात. चाळलेली माती, फेव्हिकॉल आणि काथ्याचे अगदी बारीक तुकडे यांचा लगदा हा चिखल उत्तम होतो. तो लावायचा चाकांना, पट्ट्यांना, मडगार्डच्या खालच्या अंगाला आणि मागच्या बाजूला, जेथे पट्टे माती फेकतात. माथ्यावर चिखल उडत नाही. तेथे धूळ असते, आणि धुळीत बुटांचे ठसे. ओल्या रानातून घरी आलेला ट्रॅक्टर न धुता अर्धा तास न्याहाळा. त्याच्याहून चांगले पुस्तक मला ठाऊक नाही.

या कामांत मुले असतील तर एवढे सांभाळा: पाते मोठ्यांच्या हाती, पोस्टर रंगांसारखे पाण्यात मिसळणारे रंग, कोरडी माती चाळताना नाकाला रुमाल, आणि व्हार्निश किंवा थिनर वापरायचे तर खिडक्या उघड्या. संच महाग असतो. शाळेत तो नसला तरी काही बिघडत नाही. पुठ्ठा, काड्यापेटीच्या काड्या, बाटलीची बुचे यांचा रणगाडा मापात असला की तो संचातल्या बेमाप रणगाड्याहून खरा. शक्य झाल्यास मुलांना अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात न्या. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात खरे रणगाडे जवळून पाहता येतात. तेथे मुलांना फुटपट्टी आणि वही घेऊन उभे करा. एका सहलीत इतिहास, गणित आणि चित्रकला असे तीन तास होतात.

वर्गात याच रीतीने पुष्कळ करता येईल. दिवाळीचा किल्लाच घ्या. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा आहेत. आपल्या जवळचा एक निवडा. मुलांना म्हणा, यंदा मावळा दारातून आत गेला पाहिजे. बाजारातला मावळा आठ सेंटीमीटरचा असेल तर दरवाजा केवढा? तट केवढा? आणि मग संपूर्ण गड अंगणात मावेल काय? मावणार नाही. तेव्हा एकच दरवाजा करा, एकच बुरूज करा, पण खरा करा. पावसाळ्यात तटाच्या कोणत्या बाजूला शेवाळ येते, पायऱ्या मध्येच का झिजतात, हे प्रत्यक्ष गडावर जाऊन पाहू द्या. वेदरिंग म्हणून जे मी सांगितले ते हेच.

आणि शेवटी देखाव्याशेजारी एक पाटी ठेवा. ठिकाण, दिवस, प्रमाण. त्याखाली दोन रकाने: कोणत्या गोष्टी नोंदींवरून केल्या, आणि कोणत्या अंदाजाने. मुलांना एवढी एक सवय लागली तरी या छंदाचे चीज झाले असे मी समजेन.

माझ्या पॅटनचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. तिसऱ्या खेपेस तो बरा झाला होता. फिकट माती, कललेला ऊस, चाकोरीत पाणी, गंज कोठे नाही. आबांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला. मला वाटले, आता शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "बराबर हाय. असंच व्हतं." थोडे थांबून विचारले, "आतली माणसं कुठं गेली, मास्तर? चार असत्यात त्यात." मला उत्तर सुचेना. आबा पुढे म्हणाले, "आन् हा ऊस? कुणाचा तरी असंलच की. वरीसभर राबला असंल बिचारा."

मी इतके मोजले होते, इतके भागले होते. हे दोन प्रश्न माझ्या मनात आले नव्हते. ज्यांच्याशी लढलो त्यांच्या माणसांची विचारपूस करणारा हा माणूस त्या युद्धात आपल्या बाजूने होता. त्याने चिखल पाहिला होता, म्हणून त्याला चिखलातली माणसेही दिसत होती.

त्या रात्री मी दोन गोष्टी केल्या. रणगाड्याचे माथ्यावरचे झाकण उघडे केले आणि तेथून उसाकडे जाणारी पावलांची एक ओळ चिखलात उमटवली. आणि फळीच्या कोपऱ्यात, पाणी चढत आलेल्या बांधावर, कोणीतरी टाकून गेलेले एक खुरपे ठेवले. पाटीवर दोन्ही गोष्टी अंदाजाच्या रकान्यात लिहिल्या आहेत. देखावा माझ्या टेबलावर आजही आहे. येणारी मुले आधी तोफेकडे पाहतात. मग कोणीतरी एक जण वाकून म्हणतो, "सर, हे खुरपं इथं कसं?"

आणि मग मी त्याला बसवून घेतो, आणि पहिल्यापासून सांगू लागतो.